तेलगोटे मॅडमचा सातबारा

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या दिवशी मुलांचं फूल देऊन स्वागत करा, असा वरून आदेश असतो. आमच्या अकोल्याच्या शाळेतही हेडमास्तर फाटकात गुलाबाची टोपली घेऊन उभे राहायचे. मूल फूल घ्यायचं, हसायचं, फोटो निघायचा आणि फूल परत टोपलीत जायचं, कारण फुलं वीस आणि मुलं चारशे. मग नववी-दहावीची मुलं वर्गात गेली की इंग्रजीच्या तेलगोटे मॅडम प्रत्येकाच्या हातात चार पानांचा कागद ठेवायच्या. तो मात्र कोणी परत मागत नसे.

'इंग्रजीच्या तासाच्या अपेक्षा व नियम' असं त्या कागदाचं नाव. दोन पानं इंग्रजीत, दोन मराठीत, एकूण सत्तावीस कलमं. कोणाचा हक्क कुठवर आणि कोणाच्या डोक्यावर कशाचा बोजा हे सगळं त्यात नोंदलेलं असल्यामुळे स्टाफरूममध्ये आम्ही त्याला तेलगोटे मॅडमचा सातबारा म्हणत असू. मॅडमना हे माहीत होतं. उलट एकदा त्यांनीच मला विचारलं, "सर, माह्या सातबाऱ्याची झेरॉक्स उरली काय तुमच्याजवळ?"

कलमं वाचनीय असत. कलम चार: घंटेनंतर येणाऱ्याने दारात उभं राहून कारण इंग्रजीत सांगावं, एसटी उशिरा आली हे कारण आठवड्यातून एकदाच चालेल. कलम नऊ: उशिरा दिलेली वही तपासली जाणार नाही, घरात मयत झाल्यास सूट मिळेल, परंतु मयत सख्खी असावी. कलम चौदा: गाईड वर्गात आणल्यास ते मॅडमच्या कपाटात राहील आणि परीक्षेनंतर मिळेल. कलम अठरा: मोबाइलने लिहून दिलेला निबंध ओळखू येतो. इथे पुढे शिक्षा लिहिलेली नव्हती, त्यामुळे या कलमाला मुलं सर्वांत जास्त घाबरायची.

नवव्या कलमावरून एका पोराची झालेली उलटतपासणी मी स्वतः ऐकलेली आहे. त्याची चुलत आजी वारली होती आणि वही दोन दिवस उशिरा आली होती.

"चुलत म्हंजे सख्खी नाही," मॅडम म्हणाल्या.

"पन मॅडम, जवळच राहे."

"किती जवळ?"

"भिताडाले भिताड लागून."

मॅडमनी बराच विचार केला आणि अर्धी सूट दिली. वही तपासली, पण खाली 'छान' लिहिलं नाही.

मॅडम बुटक्या, सुती साडी आणि खाली पोरांसारखे पांढरे बूट. वर्गाच्या उंबऱ्यावर त्यांनी खडूने एक रेघ ओढलेली असायची. रेघेच्या आत फक्त इंग्रजी. रेघेच्या बाहेर त्यांची अशी ठणठणीत वऱ्हाडी, की पुण्याहून आलेल्या एका प्रशिक्षकाला त्या भांडताहेत असं वाटलं होतं. त्या त्याला चहा घेणार का विचारत होत्या. ज्याला इंग्रजी सुचत नसे तो पोरगा उठून रेघेबाहेर जायचा, तिथून वऱ्हाडीत शंका विचारायचा, उत्तर घ्यायचा आणि परत आत येऊन बसायचा. काही बिलंदर पोरं एक पाय बाहेर ठेवूनच बसायची. तीसऐक पोरांचा वर्ग शिकतोय की कबड्डी खेळतोय, हे लांबून कळत नसे.

एकदा हेडमास्तर स्वतः सूचना वाचायला आले. ते गणिताचे. मॅडमनी बोटाने रेघ दाखवली. हेडमास्तर तिथेच थबकले, कागदाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि परत गेले. दोन मिनिटांनी त्यांनी शिपाई रहीमभाईंना पाठवलं. रहीमभाई झपकन आत गेले, "गुड मॉर्निंग मॅडम, गुड मॉर्निंग चिल्ड्रन, टुमारो हॉलिडे, थँक्यू," म्हणाले आणि बाहेर आले. अख्ख्या शाळेत रेघ न अडखळता ओलांडणारा तो एकच माणूस होता. हेडमास्तरांनी पुढे आठवडाभर रहीमभाईंना चहा आणायला सांगितला नाही.

माझी खुर्ची मॅडमच्या शेजारी. मी मराठी शिकवतो. मूळचा अमरावतीजवळच्या वलगावचा, पण बायकोची नोकरी अकोल्यात, मुलं अकोल्यात, घर अकोल्यात. आणि मला मॅडमचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. त्याला कारण होतं. शाळेचा पट दरसाल घसरत होता. नववीच्या दोन तुकड्यांपैकी एक तुटली की भाषेचा एक शिक्षक अतिरिक्त ठरणार आणि सरकार त्याला उचलून विभागात जिथे जागा असेल तिथे टाकणार. नोकरीत मी मॅडमपेक्षा चार वर्षांनी धाकटा. त्यामुळे कोण जाणार हे मला रोज सकाळी खुर्चीवर बसताना आठवायचं. आणि शेजारची बाई सातबारा वाटून, गुण कापून आईबापांना पळवून लावत होती.

गुणांचं असं होतं, की प्रत्येक भाषेत वीस गुण शाळेच्या हातात असतात. तोंडी परीक्षा घ्यावी आणि ते द्यावेत, असं कागदावर आहे. आम्ही फेब्रुवारीत एका दुपारी चहा मागवायचो, हजेरीपट समोर ओढायचो आणि वरून खाली एकोणीस, वीस, वीस, अठरा लिहीत जायचो. अठरा मधूनमधून, खरं वाटावं म्हणून. याला आमच्याकडे वाटप म्हणतात. मी बारा वर्षं वाटप केलं आणि त्याचं एकदाही काही वाटलं नाही. उलट वर्गात नापासच होणार अशा पोराला वीस देताना पुण्य केल्यासारखं वाटायचं.

मॅडम मात्र खरोखर परीक्षा घ्यायच्या. व्हरांड्यात टेबल, दोन खुर्च्या, एक निळं घड्याळ. एकेका मुलाला पाच मिनिटं. मुलं आपली गाईडातले निबंध पाठ करून यायची आणि मॅडम त्यातलं काही विचारायच्याच नाहीत. शेजारचं कोण भांडकुदळ आहे, गणपतीत काय बिघडलं, बहिणीचा राग का येतो, असलं काहीतरी विचारायच्या. अकरा मिळायचे, तेरा मिळायचे. सतरा मिळालेल्या मुलीच्या घरी पेढे वाटल्याचं मला माहीत आहे.

त्या वर्षी संस्थेच्या सचिवांचा नातू दहावीला होता. साहेबांचा नातू म्हणजे शाळेचाच नातू. त्याला मिळाले आठ. हेडमास्तर गुणपत्रक घेऊन स्टाफरूममध्ये आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"मॅडम, आठ? अवो, आठ म्हंजे पाप हाये."

"सर, म्या त्याले इचारलं, आज सकाळी काय खाल्लं. तो मले सांगते, डॉक्टर."

"आता कायचा डॉक्टर?"

"मोठा होऊन डॉक्टर होईन, तो निबंध पाठ करून आलता. मधातच थांबवला म्या."

"लेकरू घाबरलं असन."

"घाबरलं म्हनूनच आठ देल्ले. नाही तं सहा होते."

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. मग मीच बोललो, कारण खुर्ची माझी जाणार होती. म्हणालो, "मॅडम, बाकीच्या साऱ्या शाळा वीस वाटून राहिल्या. आपल्या गरीब पोरांनीच कावून मागं राहायचं? मागच्या साली तीन पोट्ट्यायची अ‍ॅडमिशन तुमच्या तोंडीमुळं हुकली. तुमाले माहीत हाये काय?"

मॅडमना हे लागलं. तो मुद्दा खोटा नव्हता, अजूनही मला तो खोटा वाटत नाही. त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, ठेवला. मग म्हणाल्या, "माहीत हाये. तिघांचेबी नावं माहीत हायेत. म्हनून तं जूनपासून घसा फोडून राहिली ना मी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात टेबल मांडून उरलेल्या मुलांची परीक्षा घेतली. त्याच मापाने.

सचिवसाहेबांनी मनावर घेतलं. नातवाची दहावी असल्यामुळे काही करता येईना, म्हणून त्यांनी आमच्याच शाळेत आठवीत असलेली नात काढली आणि गावातल्या इंग्रजी शाळेत घातली. संस्थेच्या मालकाचीच नात दुसऱ्या शाळेत गेली, तेव्हा बाकीच्या पालकांना काय सांगणार?

मग मे महिना आला. मे महिन्यात आमच्याकडचा मास्तर मुलं शोधायला निघतो. अकोल्याच्या उन्हात, दोघादोघांच्या जोड्या करून, हातात शाळेची पत्रकं घेऊन. गणवेश फुकट, वह्या फुकट, ऑटो फुकट, एक संस्था तर चक्क सायकल देते. मग आम्हीही सायकल देतो म्हणायचो, ती कुठून येणार हे माहीत नसताना. माझी जोडी तेलगोटे मॅडमशी लागली आणि पातूर रोडकडच्या वस्त्या आमच्या वाट्याला आल्या. मॅडमची स्कूटी, मागे मी, दोघांच्या तोंडाला फडकं. लोक आम्हाला आधी मीटर रीडिंगवाले समजायचे.

आमची पद्धत अशी की मी आधी बोलायचो. सायकल, गणवेश, निकाल, सगळं गोड करून सांगायचो. पालकाची मान डोलायला लागायची. मग मॅडम पर्समधून सातबारा काढायच्या.

"हे आयकून घ्या. मंग नाव द्या."

आणि सत्तावीस कलमं वऱ्हाडीत वाचायला घ्यायच्या. साधारण अकराव्या कलमापर्यंत पालकाला काहीतरी काम आठवायचं. एक गॅरेजवाला सतराव्यापर्यंत टिकला. मग पाना खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, मी पोरीले शाळेत टाकून राहिलो का पोलिसात?" मी बाहेर येऊन मॅडमना हात जोडले. म्हणालो, एवढा एक महिना कागद पर्समध्ये राहू द्या, जूनमध्ये पाहिजे तर भिंतीवर रंगवा. मॅडम म्हणाल्या, "सायकल सांगून आनाचं अन् मंग कागद दाखवाचा, हे फसवनं झालं सर." त्यांचा चेहरा फडक्यात होता, त्यामुळे त्या रागावल्या की नाही ते दिसलं नाही. मी मात्र भयंकर रागावलो होतो.

त्या अख्ख्या महिन्यात मॅडमच्या कागदावर एकच गिऱ्हाईक लागलं. शोभाबाई नावाची, डाळमिलमध्ये कामाला जाणारी बाई. दारातच उभी राहून तिने सगळीच्या सगळी कलमं ऐकली. मधे शेजारीण आली तर तिला हाताने थांबवलं. तिची मुलगी प्रतीक्षा चौकटीला टेकून ऐकत होती. वाचून झाल्यावर शोभाबाई म्हणाली,

"हे समदं पोरीनं पाळाचं. अन् तुमी काय पाळसान?"

माझ्या बारा वर्षांत हा प्रश्न मॅडमना कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता बाईंची जिरली. मी खुश झालो, खरंच. मॅडमनी पेन काढलं, भिंतीला कागद लावला आणि अठ्ठाविसावं कलम लिहिलं: घेतलेली वही आठ दिवसांत तपासून परत मिळेल, न मिळाल्यास विद्यार्थ्याने मॅडमला जाब विचारावा. लिहिलेलं वाचून दाखवलं.

"हां," शोभाबाई म्हणाली. "मंग येते पोरगी."

मी घाईघाईने सायकलचं सांगितलं. ती म्हणाली, "सायकल ठेवा तुमची. सायकल तं कालचा मास्तरबी देऊन राहिला होता."

माझ्या सायकलींवर नऊ जणांनी नावं दिली, त्यातले पाच आले. मॅडमच्या कागदावर एक आली आणि ती रोज आली. पट मोजला तेव्हा नववी दोन मुलांनी कमी भरली. त्या दोघांतली एक म्हणजे साहेबांची नात. दुसरी तुकडी तुटली आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की आता माझं काही खरं नाही.

दिवाळीच्या तोंडावर हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. चहाबरोबर बिस्किटं होती, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"तुमचं बी.ए.ले इंग्रजी होतं ना?"

"साऱ्यायचंच असते सर. सक्तीचं."

"बस. मंग मराठी अन् इंग्रजी, दोनीबी विषय मी सांभाळतो, असं लिहून द्या. खाली सही करा. बाकी साहेब पाह्यतात."

"अन् तेलगोटे मॅडम?"

"त्यायले फक्त इंग्रजीच येते ना," हेडमास्तर म्हणाले.

ज्या माणसाला वर्गातली खडूची रेघ ओलांडता आली नव्हती तो मला हे सांगत होता, आणि ऐकणाऱ्याला रेघेच्या आत उभं राहून पाणीसुद्धा मागता आलं नसतं. दोघांनाही हसू आलं नाही. हे नियमात बसतं की नाही ते मला आजही माहीत नाही. मी बिस्किट खाल्लं आणि सही केली. घरी सांगितलं, की संस्थेने माझ्यावर इंग्रजीची जबाबदारी टाकली आहे. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. ते आठवलं की अजून मला स्वतःची लाज वाटते.

दिवाळीनंतर मॅडमचा बदलीचा आदेश आला: चांदूर रेल्वे, म्हणजे अमरावतीच्याही पुढे. त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला आणि कशाच्या आधारावर हे झालं ते पाहण्यासाठी कागदपत्रं मागवली. त्यात माझं संमतीपत्र निघालं. ते वाचून त्यांनी अर्ज मागे घेतला. स्टाफरूममध्ये दोन दिवस मी हजेरीपटात डोकं खुपसून बसलो.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. मला वाटलं, कपाटाच्या किल्ल्या देतील. टेबल मांडलेलं होतं. दोन खुर्च्या होत्या.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून तुमी इंग्रजी शिकवसान. तुमची तोंडी नको काय घ्याले?"

"मॅडम, मस्करी नका करू."

"पाच मिनिटं हायेत," असं म्हणून त्यांनी घड्याळ माझ्याकडे वळवलं आणि इंग्रजीत एकच प्रश्न विचारला: तुम्ही सही का केली?

उत्तर मला मराठीत तोंडपाठ होतं. पंधरा दिवस मी तेच घोकत होतो. मी 'माय वाइफ' म्हणालो. मग 'माय चिल्ड्रन'. मग 'अकोला'. मग पुन्हा 'माय वाइफ'. मैदानावर पोरं खो-खो खेळत होती आणि मॅडम माझ्याकडे पाहत होत्या, तशा त्या प्रत्येक पोराकडे पाहत असतील. घाई नाही, मदतही नाही. मला भीती वाटली, एवढंच सांगायचं होतं. त्याला इंग्रजीत तीन शब्द पुरतात. ते मला शनिवारी वलगावला जाताना बडनेऱ्याच्या अलीकडे आठवले.

घड्याळ वाजलं. मॅडमनी कागदावर आकडा लिहिला आणि माझ्याकडे सरकवला. वीसपैकी सात.

"खोटं नाही बोलले त्याचे चार," त्या म्हणाल्या. "बोलाचा प्रयत्न केला त्याचे तीन."

मी विचारलं, अर्ज मागे का घेतला? जिंकल्या असत्या तुम्ही.

"जिंकली असती. मंग तुमी गेले असते. अन् पोट्ट्यायले मराठी कोन शिकवलं असतं? हेच हेडमास्तर." त्यांनी टेबल भिंतीकडे ढकललं, तोंडाला फडकं बांधलं आणि स्कूटीला किक मारली. दोनदा लागली नाही, तिसऱ्यांदा लागली. "पुढच्या खेपेला आली का पुन्हा घेईन. अभ्यास करजा," म्हणाल्या आणि फाटकातून डावीकडे वळल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. चांदूर रेल्वेहून आलेला एक जण सांगत होता, की तिकडे एक बाई आल्या आहेत, पहिल्याच दिवशी त्यांनी पाच पानांचा कागद वाटला.

मी अभ्यास केला नाही. सरळ गाईड घेऊन वर्गात गेलो. रेघ दोन दिवसांत पोरांच्या पायांनी पुसली गेली. वह्या महिना महिना माझ्या कपाटात राहिल्या. प्रतीक्षा तेवढी दर आठ दिवसांनी दारात येऊन वहीचं विचारायची आणि मी दरवेळी उद्या म्हणायचो. फेब्रुवारीत चहा मागवला आणि नववी-दहावीचं वाटप एका बैठकीत उरकलं. कोणी दुखावू नये, म्हणून यंदा अठराही दिले नाहीत. सरसकट वीस.

गुण लावले त्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रतीक्षा स्टाफरूमच्या दाराशी आली.

"सर, माही तोंडी तं झालीच नाही."

"झाली समज. वीस देले ना तुले?"

"मॅडमनं किती देले असते?"

तिच्या वह्या मी चाळल्या होत्या, मॅडमच्या हाताचे शेरे पाहिले होते. म्हणालो, "बारा. फार फार तं तेरा."

तिने तेराच धरले आणि बोटांवर मोजलं. मग मान वर करून विचारलं, "मंग हे वरचे सात कायचे हायेत, सर?"

मी म्हणालो, घंटा झाली, वर्गात जा. घंटा व्हायला अजून पंधरा मिनिटं होती. ती तिथेच उभी राहिली.